वाऱ्यासाठी उदबत्ती

ओमानमधली जुनी घरं मी जी काही पाहिली, ती सगळी झोप मोडून पाहिली. शनिवारी उजाडायच्या आत मस्कतच्या वादी अदाई भागातल्या आमच्या बिल्डिंगखाली एक हॉर्न वाजायचा. एकदाच, पण असा लांबलचक की वरच्या मजल्यावरचा केरळी म्हाताराही गॅलरीत यायचा. खाली पांढरी, धुळीने माखलेली गाडी. चालवायला काका, बाजूला डबा मांडीवर घेऊन काकू, आणि डॅशबोर्डवर उदबत्तीचा पुडा.

उदबत्ती देवासाठी नव्हे हो. वाऱ्यासाठी.

ऑफिसात मी त्यांना सर म्हणायची आणि शनिवारी काका. अल् खुवैरमधल्या एका एसी बसवणाऱ्या कंपनीत ते डिझाईन करायचे आणि मी त्यांच्या हाताखाली एस्टिमेट काढायची. म्हणजे कुठल्या खोलीत केवढा एसी लागेल ते ते सांगणार, आणि त्याचे आकडे मी मांडणार. तीसेक वर्षं या माणसाने मस्कतमधल्या बँका, दुकानं, लग्नाचे हॉल असे काही गार करून ठेवले होते की भर जूनमध्ये लोक आत शाल घेऊन बसायचे. आणि सुट्टी मिळाली रे मिळाली की हाच माणूस, जिथे एसी कधी नव्हताच, अशी घरं शोधत हिंडायचा.

"यांनी जन्मभर लोकांना गार केलं," काकू म्हणायच्या, "आणि आमच्या हमरियातल्या घरी बेडरूममधला एसी बघ जाऊन. टपटप गळतोय. खाली बादली लावून झोपतो आम्ही."

"गळतो म्हणजे चालतो," काकांचं उत्तर ठरलेलं.

घर बघायची त्यांची रीत जगावेगळी होती. किल्ल्यात गेलो तर तोफांकडे ढुंकून बघायचे नाहीत. "तोफ काय, कुठेही ठेवा, तोफच राहते." कोणत्या सुलतानाने कधी बांधलं, कोणाशी लढाई झाली, या पाट्या मी वाचत बसले की हे पुढे निघून जायचे. खोलीत शिरायचं, मधोमध उभं राहून उदबत्ती पेटवायची आणि धूर कुठे वळतो ते बघत राहायचं. मग भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायचं. डोळे मिटायचे. "घर डोळ्यांनी नाही कळत. पाठीने कळतं. तू पण बस." मी नव्या ड्रेसची इस्त्री सांभाळत उभी. पण ते हाताने जमीन थोपटत राहायचे, आणि शेवटी बसावंच लागायचं.

एकदा आमच्या मराठी मंडळातली चार कुटुंबं त्यांच्यामागे लागून निझवाच्या बाजूचं एक जुनं मातीचं घर बघायला आली. काका पहिल्याच खोलीत उभे राहिले आणि त्यांनी उदबत्ती पेटवली. झालं! मागच्या बायकांनी पटापटा चपला काढल्या. एका गृहस्थांनी टोपी काढली. दोघींनी हात जोडले, आणि एक बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "देव कुठल्या बाजूला आहे गं?" मला हसू आवरेना. तेवढ्यात राखणदार धावत आला. "नो फायर! नो फायर!"

"नो फायर," काका शांतपणे म्हणाले. "एअर." आणि धुराकडे बोट दाखवलं. धूर सरळ वर जाता जाता मध्येच वळून भिंतीतल्या एका बारक्या झरोक्यात शिरत होता. राखणदार बघत राहिला. काकांनी उदबत्ती त्याच्याच हातात दिली आणि त्याला पुढच्या खोलीत नेलं. मग पुढच्या. अर्ध्या तासाने दोघं गच्चीवर मांडी घालून बसले होते, आणि राखणदार सांगत होता की त्याचे आजोबा उन्हाळ्यात कुठल्या कोपऱ्यात झोपायचे. खाली आमची मंडळी हात जोडून ताटकळत होती, ते कोणाच्या लक्षातही नव्हतं. पुढच्या शनिवारी मंडळातलं कुणी आलं नाही. काका म्हणाले, "बरं झालं."

सूरचं घर मात्र आम्हाला चुकून मिळालं, आणि ती चूक आठवली की मला अजून घाम फुटतो.

सूर म्हणजे मस्कतच्या दक्षिणेला, समुद्राच्या कडेकडेने दोन-अडीच तास गेलं की लागणारं गाव. शहर म्हणायचं, पण जीव गावाएवढाच. तिथे लाकडी गलबतं बांधायचे, अजून बांधतात. ती गलबतं आपल्याकडून सागवान आणायची, मलबारचं, कोकणातलं. त्यामुळे जुन्या घरांचे दरवाजे कोरीव सागवानी. रस्त्यावर जुन्या घरासाठी असते तशी तपकिरी पाटी आणि बाण दिसला. बाणाच्या दिशेने वळलो तर समोर दुमजली पांढरं घर, दार सताड उघडं. काका आत शिरले, त्यांच्यामागे आम्ही. दारात चपलाही होत्या, पण आम्हाला वाटलं, आपल्यासारखेच बघायला आलेले लोक असतील.

आत अंगण, अंगणाच्या कडेने जिना, वर माडी. काका नाकासमोर चालत माडीवर गेले. काकू स्वयंपाकघरात शिरल्या, कारण त्यांना कुठल्याही घरात तेवढंच बघायचं असतं. फडताळ उघडून त्यांनी मला हाक मारली. "अगं ये, काय सुंदर ठेवलंय बघ! लसूण पण खरा आहे!"

मी म्हटलं, "वा, मस्त मेंटेन केलंय."

वर गेलो तर काका भिंतीला टेकून बसलेले, उदबत्ती लावलेली. आमच्यामागून एक म्हातारी बाई आली. अंगभर रंगीत पोशाख, हातात कॉफीची किटली. काही विचारलं नाही, काही बोलली नाही. खजूर पुढे ठेवला, बिनकानाच्या बारक्या कपात कॉफी ओतली. काका इंग्रजीत मला म्हणाले, "व्हेरी गुड प्रेझेंटेशन."

आता तिथली पद्धत अशी की कप हलवून परत दिला तरच पुरे. नुसता परत दिला की भरून मिळतो. आणि आपल्याकडची पद्धत अशी की समोरचं टाकायचं नाही. त्यामुळे काकू कप रिकामा करून परत देतायत, ती बाई भरून देतेय, काकू पुन्हा पितायत. दोघीही सभ्यपणाला इतक्या चिकटलेल्या की काकूंच्या कपाळावर घाम आला. शेवटी काकांनी खिशातून पाकीट काढलं आणि हिंदीत विचारलं, "टिकट नीचे मिलेगा?"

त्या बाईने क्षणभर बघितलं. मग अशी हसली की किटली खाली ठेवावी लागली. तिला हिंदी येत होतं, तिचे वडील गलबत घेऊन मुंबईला जायचे. "टिकट वाला घर पीछे की गली में है," ती म्हणाली. "यह तो मेरा घर है!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. फडताळ उघडलं होतं हो आम्ही! काकू उभ्या राहून माफी मागायला लागल्या. काका मात्र जागचे हलले नाहीत. धुराकडे बोट करून, मावशीला हाक मारावी तसे म्हणाले, "खाला, ये कमरा किसने बनाया?"

"मेरे दादा ने."

"बहुत होशियार आदमी था," काका म्हणाले, आणि खाला उठणार होती ती परत खाली बसली.

त्या दिवसापासून ते आमचं घर झालं. महिना-दोन महिन्यांनी सूरला जायचंच. काकू चकल्या घेऊन जायच्या, खाला सुके मासे बांधून द्यायची. काका माडीवर. ती खोली होतीही तशी. समुद्राच्या बाजूला जमिनीलगत खिडक्या, म्हणजे बसलेल्या किंवा झोपलेल्या माणसाच्या अंगावरून वारा जावा अशा. समोरच्या भिंतीत, छताजवळ, नक्षीचे झरोके. गार वारा खालून येणार, तापलेला वरून निघून जाणार. भिंती हातभर जाड. काका मला समजावायचे, आणि समजावताना त्यांचा आवाज असा खाली यायचा जसा आपला गाभाऱ्यात येतो. "मी एवढी वर्षं मशीन लावून जे करतोय ना, ते या दादाने भोकं पाडून केलंय. आणि बिल नाही!"

इतकी वर्षं त्यांनी अशी घरं पाहिली, पण दुसऱ्यांदा गेले ते फक्त याच घरात.

आणि मग एके दिवशी ऑफिसात माझ्या टेबलावर एक कामाची चौकशी आली. सूरमधलं जुनं दुमजली घर, गेस्ट हाऊस करायचंय, संपूर्ण एसी. प्लॅन उलगडला. अंगण, अंगणाच्या कडेने जिना, वर माडी. खालाच्या मस्कतमधल्या मुलाने काम काढलं होतं.

मी नेहमीसारखं ड्रॉइंग केलं. दुसरं काय करणार? झरोके ब्लॉक लावून बंद, छताखाली जिप्समचं खोटं छत, खिडक्यांना न उघडणारी काच. एसी लावायचा तर खोली डब्यासारखी बंद हवी, हे काकांनीच मला शिकवलं होतं. ड्रॉइंग त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे कोणी केलं?"

"मीच, सर. दुसरं कोण करणार?"

"बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक काहीच नाही." आणि उठून पाणी प्यायला गेले ते तासभर आलेच नाहीत.

त्यात आणखी एक पाचर होती. काकांची साठी कधीच उलटली होती, आणि त्यांचा व्हिसा दरवेळी आमच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, शब्दावर वाढायचा. अर्बाब माणूस भला. पण कंपनीत काम आटलं होतं. त्याने काकांना बोलावून स्पष्ट सांगितलं, "हा सूरचा जॉब मोठा आहे. हा मिळाला की तुमचं अजून एक वर्ष पक्कं. नाही मिळाला, तर माझ्याकडे तुम्हाला ठेवायला कारण नाही." काकांना ते वर्ष हवं होतं. दूर दक्षिणेला सलालाच्या पुढे मिरबात म्हणून गाव आहे, तिथली जुनी घरं बघायची राहिली होती. काकूंनाही हवं होतं. पुण्यात घेऊन ठेवलेल्या फ्लॅटपेक्षा हमरियातला भाजीवाला त्यांना जास्त जवळचा होता. म्हणजे सरळ हिशोब होता. माडीवरचा वारा बंद झाला तर काका राहणार. वारा राहिला तर काका जाणार.

मी त्यांना म्हटलंसुद्धा, "काका, आता भावनेत जाऊ नका. आपण नाही केलं तर दुसरा कोणी करेल. पाहुणे एसीशिवाय राहतात का कुठे?"

"खरंय," ते म्हणाले. "आपण साईट मीटिंग ठेवू. दुपारी. जेवायला."

"जूनमध्ये? दुपारी?"

"हो. माडीवर."

खालाने बेत असा केला की विचारू नका. मोठ्या थाळ्यात भात, वर भाजलेली सुरमई, लिंबू, वाटलेली मिरची. थाळ्याभोवती अर्बाब, खालाचा मुलगा, काका, काकू, मी. बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराला हात लागला तर चटका. अर्बाबने वर आल्या आल्या पांढरा झगा झटकला आणि विचारलं, "एसी कुठे आहे?"

"तोच लावायला आलोय ना आपण," काका म्हणाले. "यल्ला, चला, आधी जेवू."

जेवलो. काका कामाबद्दल चकार शब्द बोलेनात. खालाच्या मुलाने ड्रॉइंग काढलं, तर म्हणाले, "कॉफी होऊ दे." कॉफी झाली. काकूंनी या वेळी पहिलाच कप हलवून परत दिला, आणि खालाने त्यांना डोळा मारला. अर्बाब उशीला जरा रेलला, कोपरावर डोकं ठेवलं. खालच्या खिडकीतून समुद्राचा वारा आला आणि त्याच्या झग्याचं टोक हललं. खालाचा मुलगा काहीतरी सांगत होता, किती खोल्या, किती पाहुणे, आणि सांगता सांगता त्याचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. मी मनात म्हटलं, मी नाही हं झोपणार, मी ऑफिसच्या कामावर आहे.

मला जाग आली ती मशिदीतल्या बांगेने. तिसरा प्रहर झाला होता. अर्बाब चक्क घोरत होता. खालाचा मुलगा लहान पोरासारखा पाय पोटाशी घेऊन झोपला होता. काकू माझ्या ओढणीवर डोकं ठेवून. आणि सगळ्यांच्या मधोमध काका एकटे जागे, उदबत्तीची राख वाटीत झाडत बसलेले. उदबत्त्यांच्या काड्यांचा ढीग पडला होता.

अर्बाब उठला, डोळे चोळले, आजूबाजूला बघितलं. "वल्लाह," तो म्हणाला, "मी माझ्या घरी असा झोपत नाही. तीन एसी आहेत."

तो उठून खिडकीपाशी गेला, वाकून हात बाहेर काढला. मग झरोक्यांकडे बघितलं. मग काकांकडे. भला माणूस होता, पण खुळा नव्हता. "तुम्ही मला जेवायला नाही आणलं," तो म्हणाला. "तुम्ही मला माझा जॉब घालवायला आणलं."

"मी काही बोललो का?" काका म्हणाले.

खालाचा मुलगा उठून बसला होता. तो आईकडे बघत होता. खाला म्हणाली ते अरबीत, मला नीट कळलं नाही, पण त्यात दादा होता आणि झोप होती. शेवटी मुलाने ड्रॉइंग घडी करून खिशात घातलं. "खलास. वर काही नको. खालच्या दोन खोल्यांना लावू."

खालच्या दोन खोल्यांचं काम सूरच्याच एखाद्या दुकानवाल्याचं. आमच्या कंपनीचं नव्हे.

परत येताना वाटेतलं कुरियात मागे पडलं तरी काकू खिडकीबाहेर बघत होत्या. मग एकदम फुटल्या. "स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात. बोलला असतात, भांडला असतात, तर म्हटलं असतं माणूस हट्टी आहे. नुसतं झोपवलंत हो सगळ्यांना! मला पण!"

"झोप लागली ना छान?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. मग रडल्याही. काकांनी एक हात स्टीअरिंगवरून काढून त्यांच्या हातावर ठेवला, आणि वादी अदाईपर्यंत तो हात तिथेच होता. मला तेव्हा या दोघांचा इतका राग आला आणि इतकं प्रेम आलं की घरी जाऊन मी नवऱ्याशी उगाच भांडले.

अर्बाबने निरोपाचं जेवण मोठं दिलं. भाषणात म्हणाला, "या माणसाने मला तीस वर्षं एसी विकायला मदत केली आणि एका दुपारी एसी बंद करून दाखवला." सगळे हसले. काका हसले नाहीत, ते हॉलच्या छताकडे बघत होते, कुठलं तरी एसीचं तोंड आवाज करत होतं. मिरबात राहिलं ते राहिलंच. विमानतळावर त्यांनी उरलेले उदबत्तीचे पुडे माझ्या पर्समध्ये कोंबले. "खालाला दे. बॅगेत वजन होतंय." खोटारडे. बॅग अर्धी रिकामी होती.

पुण्याहून काकूंचे फोन यायचे. फ्लॅट चौदाव्या मजल्यावर, समोर दुसरी बिल्डिंग, तिच्या पलीकडे तिसरी. "दिवसभर उदबत्ती घेऊन हिंडतात गं. हॉलमध्ये, बेडरूममध्ये, बाथरूममध्ये. धूर आपला सरळ वर. कुठे वळतच नाही. 'मेलेला फ्लॅट आहे' म्हणतात. आणि दुपारची झोप गेलीय. रात्रीची पण अर्धीच. डॉक्टरने गोळी दिलीय, ती घेत नाहीत. नुसते बसून असतात, बोलत नाहीत. मला भीती वाटते."

काकांचं असं गप्प बसणं मी कधी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये मी सूरला गेले. घराला रंग लागला होता, दारावर छोटी पाटी आली होती, खालच्या दोन खोल्यांत एसीचा आवाज होता. माडी तशीच. खाला तिथेच बसली होती, भिंतीतल्या कोनाड्यात काकांचे पुडे ओळीने लावलेले. "रोज एक जलाती हूँ," ती म्हणाली. "मेहमान पूछते हैं, यह कौन सा लुबान है? मैं बोलती हूँ, यह हवा वाला है."

दुपारचीच वेळ होती. मी व्हिडिओ कॉल लावला. काकूंनी उचलला, फोन काकांसमोर धरला. काका वाळले होते. दाढी वाढलेली. मी म्हटलं, "काका, ओळखा कुठे आहे मी?"

"तुझं थोबाड बाजूला कर," ते म्हणाले. किती दिवसांनी त्यांचा तो आवाज ऐकला. "उदबत्ती लाव. धूर दाखव."

मी उदबत्ती लावली आणि फोन कोनाड्याला टेकवून ठेवला, मधोमध धूर येईल असा. धूर थोडा वर गेला, समुद्राच्या वाऱ्याने कलला, आणि सावकाश छताकडे वळून झरोक्यातून बाहेर पडायला लागला. काका काही बोलेनात. मला वाटलं नेटवर्क गेलं. मी आणि खाला तशाच बसून राहिलो, भिंतीला पाठ लावून.

मग फोनमधून काकूंचा आवाज आला, अगदी हळू. "अगं, हे झोपले. खुर्चीतच. घोरतायत बघ." आणि म्हणाल्या, "फोन बंद नको करूस. राहू दे तसाच."

जिन्यावर पावलं वाजली. गेस्ट हाऊसमधलं कुठलंसं कुटुंब माडी बघायला वर येत होतं, मोठमोठ्याने बोलत. खाला गुडघे धरून उठली, जिन्याच्या तोंडाशी गेली आणि तोंडावर बोट ठेवून त्यांना म्हणाली, "अभी नहीं. शाम को आओ. घर का आदमी सोया है."